एक दात मागे

४ नोव्हेंबर, मंगळवार
सं. सात वाजून गेले तरी गाडी नाही. ही म्हणाली, "हिंजवडीचा ट्रॅफिक काय आजच जन्माला आलाय?" मी खिडकी सोडली नाही. शेवटी रेवती फाटकाशी रिक्षातून उतरली. सून रिक्षानं आली म्हणजे गाडी रस्त्यात, एवढं कळायला शिक्षण लागत नाही. 
गाडी चांदणी चौकाच्या चढावर बंद पडली. मागे बस, तिच्यामागे पाण्याचा टँकर. दोन मुलांनी ढकलून कडेला घेतली, पण पुन्हा सुरू झाली नाही. मग गॅरेजवाला रफीक आला आणि टोचन लावून गॅरेजला घेऊन गेला.
रे. म्हणाली, "बाबा, मला काही झालं नाही. गाडीला विचारा हवं तर." हसली. मला हसता आलं नाही.
आज खिडकीची काच थरथरली नाही. जेवण गेलं नाही.

५ नोव्हें., बुध.
दिवसभर खालची जागा रिकामी. तेलाचा डाग तेवढा आहे. समोरच्या विंगमधल्या गोखल्यांनी लगेच स्कूटर लावली. मी वरून म्हणालो, "अहो, ती जागा आमची आहे." ते म्हणाले, "गाडी आली की काढतो. स्कूटरला पाय फुटत नाहीत, इथेच राहील." 
आवाजाचं कुणाशी बोलत नाही. इथे लिहितो.
आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर पार्किंगच्या वर. संध्याकाळी गाडी आत येते, इंजिन जरा वेळ चालूच राहतं. थड थड थड, मधे एक ठोका चुकल्यासारखा, पुन्हा थड थड. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरते. ओट्यावरचं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण किणकिणतं. आणि मी मनात म्हणतो, आला.
रेवती येते हे मला माहीत आहे. वेडा नाही मी. पण गाडी माझ्या मुलाची, नितीनची आहे, इंजिनाला हात नितीनचा लागलाय, तेव्हा आवाजही त्याचाच. मी जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली. डेपोत डोळे मिटून सांगायचो कुठली गाडी आत आली ते. ड्रायव्हर पैजा लावायचे माझ्यावर. हा कान चुकत नाही.
नि. त्या साथीत गेला. सकाळी स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला गेला. "कुणी येऊ नका बरोबर, मी फोन करतो," म्हणाला. फोन केला दोनदा. नंतर आम्हाला लांबून एक पिशवी दाखवली, बंद. त्यात तोच होता असं सगळे म्हणतात. मीही म्हणतो.

६ नोव्हें., गुरू.
स. बसनं रफीकच्या गॅरेजला. रफीक आणि नितीन भागीदार होते, शाळेपासूनचे दोस्त. पाटीवर अजून दोघांची नावं आहेत. नितीनच्या नावावरची धूळ जास्त पुसलेली असते. मी कधी विचारलं नाही.
इंजिनातल्या पट्ट्यावरचं झाकण उघडलेलं होतं. रफीकनं हातानं पट्टा मुरडून दाखवला. भेगा पडल्यात, कडेचे धागे निघालेत. "काका, हा टायमिंग बेल्ट. इंजिन खाली फिरतं आणि वर श्वास घेतं, दोन्हीची वेळ हा पट्टा जुळवतो. चालत्या गाडीत तुटला असता तर इंजिन आतून फुटलं असतं. घाटात असता तर..." पुढचं बोलला नाही. बरं केलं.
मग खुणा दाखवल्या. दोन चाकं आहेत दातांची, एक वर, एक खाली. दोन्हींवर कंपनीनं कोरलेली बारीक खूण असते. ती इंजिनावरच्या खुणेसमोर यावी लागते. काजळीत ती खूण दिसत नाही म्हणून नितीन तिच्यात रंग भरायचा. रंग कसला, रेवतीची नेलपॉलिश. लाल काळसर. अजून आहे. मी बोट लावायला गेलो तर रफीकनं बॅटरीचा उजेड त्यावर धरला.
खालची खूण जागेवर. वरची एक दात मागे.
"म्हणजे?"
"म्हणजे वेळ चुकलेली आहे. म्हणून गाडी चढाला दम टाकते. तो थडथड आवाजही त्याचाच."
मी विचारलं, हा पट्टा कुणी बसवला होता. रफीक पाना पुसत राहिला. उत्तर मला माहीत होतं. नितीननं बसवला होता. साथीच्या आधी, याच गॅरेजमध्ये.
म्हणजे माझ्या मुलाचं काम चुकलं होतं.
पुन्हा विचारलं, "नीट बसवलास तर आवाज जाईल?"
"जाईल ना, काका. जायलाच पाहिजे."
येताना बसमध्ये चुकीच्या स्टॉपला उतरलो. मी. स्टॉप चुकलो.

७ नोव्हें., शुक्र.
रात्रभर डोळ्यासमोर तो लाल ठिपका.
आज पुन्हा गॅरेजला गेलो. हिला सांगितलं, पेन्शनचं काम आहे. रफीकला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही लोक पट्टा काढायच्या आधी जुन्यावर खुणा करता, मग त्या नव्यावर उतरवता आणि जसाच्या तसा बसवता, हे खरं ना? नितीन सांगायचा.
"करतात काही जण. घाईत. मी करत नाही."
"या वेळी कर. जसा आहे तसा. नितीननं ठेवलाय तिथेच ठेव."
तो म्हणाला, "काका, आधीचा चुकलेला असला तर चूक पण उतरते." मी म्हणालो, उतरू दे. पट्टा नवा असेल, तुटणार नाही, मग झालं तर. थोडा दम कमी राहील, राहू दे. रेवती काय शर्यतीला जाते का.
"ती गुरुवारी साताऱ्याला चाललीय, माहितीये ना तुम्हाला? आईचं डोळ्याचं ऑपरेशन. खंबाटकी आहे मधे."
माहीत होतं. पण त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं, हे खरं.
रफीकनं शेवटी मान हलवली. "तुम्ही सांगितलं तर मी नाही म्हणू शकत नाही. नितीनसारखं तुमचंही ऐकायची सवय आहे." त्याचं तोंड मात्र उतरलं होतं.
घरी आल्यावर बरं वाटलं. तासभर. मग घाट दिसायला लागला. चढ, ट्रक, रेवती एकटी, गाडी दम टाकतेय. तिला गमावलं तर तिच्या आईला काय सांगणार, आवाजासाठी केलं म्हणून?
आणि आवाज गेला तर संध्याकाळी मी कुणाची वाट बघायची?

८ नोव्हें., शनि.
चहाच्या वेळी ही म्हणाली, "पेन्शन गॅरेजमध्ये मिळायला लागली वाटतं हल्ली."
रफीकनं हिला फोन केला होता. चुगलखोर. नाही, चुगलखोर नाही. त्याला झोप लागली नसेल.
 ही पोळी लाटत राहिली. मग पाठ तशीच ठेवून म्हणाली, "तुम्हाला आवाज हवाय का सून हवीय, ते एकदा ठरवा. दोन्ही घरात ठेवायला जागा नाही."
मी म्हणालो, तुला नाही कळायचं. तो नितीनचा आवाज आहे.
तेव्हा ती वळली. हात पिठाचे. "नितीनच्या वेळी गाडीला आवाज नव्हता."
"होता."
"नव्हता. मी त्याची आई आहे. दूध गॅसवर ठेवून त्याची वाट बघायचे मी. झाकण वाजायला लागलं ते नंतर."
मी म्हणालो, तुझे कान म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. मी तीस वर्षं इंजिनं ऐकली. ती म्हणाली, "ऐकलीत. आणि सासूबाईंची हाक एकदाही ऐकू आली नाही तुम्हाला." जुनं काढते मधेच.
भांडण वाढलं नाही. रेवती आली. 
आवाज होता. मला आठवतंय. फाटक उघडल्याचं आठवतं, गाडी वळून आत आल्याचं, थड थड, आणि मी खिडकीत, आणि मनात म्हणालो, आला. स्वच्छ आठवतं. कुठला दिवस ते आठवत नाही.

९ नोव्हें., रवि.
हे नीट लिहायला हवं. 
रेवती म्हणाली, चला बाबा, गाडी बघून येऊ. बसमध्ये माझ्या शेजारी बसली. रफीकनं तिला काही सांगितलेलं नाही, हे तिच्या बोलण्यावरून कळलं. माणूस चांगला आहे.
जुना पट्टा निघाला होता. बाकावर पडलेला, मेलेल्या सापासारखा. त्यावरही नितीनचे दोन लाल ठिपके होते. बसवताना पट्ट्याचा कुठला दात वर आणि कुठला खाली यायचा, त्याच्या खुणा. रफीकनं नवा पट्टा पाकिटातून काढला. त्याच्यावर कंपनीच्याच दोन पांढऱ्या रेघा असतात, त्याच कामासाठी. त्यानं नवा पट्टा बाकावर पसरला आणि त्यावर दाताला दात लावून जुना ठेवला.
ठिपका रेघेवर. दुसरा ठिपका दुसऱ्या रेघेवर.
"बघा काका. त्यानं बरोबर बसवला होता. एक दात इकडेतिकडे नाही. पट्टा नंतर सरकलाय."
माझ्या डोळ्यात पाणी आलं. मुलाचं काम चुकलं नव्हतं. तीन दिवस मी त्याला चुकलेला धरून बसलो होतो. रेवतीनं पट्टा हातात घेतला, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "नवीकोरी बाटली होती. मी भांडले होते."
मग मी विचारलं, नंतर म्हणजे कधी सरकला?
रफीक बाकाला टेकला. त्याला आधीपासून माहीत होतं, किंवा शंका होती, मला सांगता येत नाही. तो म्हणाला, "गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी होती ना काका, तो गेल्यानंतर. बॅटरी उतरली होती. वॉचमन ओरडत होता, अँब्युलन्सला वाट द्या. गाडीचं तोंड भिंतीकडे. पुढे जागाच नाही. मग मी रिव्हर्समध्ये टाकली आणि दोघांनी पुढून धक्का मारला. कुणी असं करत नाही. उलट्या धक्क्यात पट्टा दात सोडतो. मला माहीत होतं. त्या दिवशी डोकंच नव्हतं जागेवर. सुरू झाली आणि थडथडायला लागली. मी तशीच तुमच्या घरी आणली. नंतर वहिनी चालवायला लागल्या, म्हणाल्या, चालतेय ठीक. मी म्हणालो, उघडू कधीतरी. नाही उघडली. त्याच्या खुणांना हात लावायचा नव्हता मला."
 शेजारी कुणीतरी पंक्चर काढत होतं.
आता तो दिवस आठवला मला. फाटक. वळण. थड थड. मी खिडकीत. आला, असं मनात म्हणालो. ते खरंच म्हणालो होतो, कारण गाडी त्याची होती आणि तो जाऊन दोनच दिवस झाले होते आणि मी म्हातारा माणूस आहे. दार उघडून उतरला तो रफीक. किल्ली हातात. वर न बघता उभा.
म्हणजे जो आवाज मी रोज नितीन आला म्हणून ऐकत होतो, तो नितीन नाही आला त्या दिवसाचा होता. इतकी वर्षं रोज संध्याकाळी तोच दिवस आत येत होता. मीच दार उघडत होतो.
रफीकला म्हणालो, "कोरलेल्या खुणेवर बसव."
तो म्हणाला, "बरं झालं काका."
बसवताना उभा राहिलो. त्यानं जुनी चाकं तशीच ठेवली, नुसती कापडानं हळू पुसली, रंग न घालवता. टेन्शनर नवा घातला. तो पट्टा ताणून धरतो. मग खालच्या चाकाला पाना लावून इंजिन हातानं सावकाश दोनदा पूर्ण फिरवलं. वरचा लाल ठिपका गेला, फिरून आला, खुणेसमोर थांबला. खालचाही. मी म्हणालो, पुन्हा फिरव. फिरवलं. पुन्हा आला. मी म्हणालो, आणखी एकदा. रेवती म्हणाली, "बाबा, पुरे." रफीक म्हणाला, "राहू दे वहिनी, बघू दे त्यांना," आणि फिरवलं.
प्रत्येक वेळी तिथेच येतो. नितीननं जिथे ठेवला तिथे.

१० नोव्हें., सोम.
रेवती आज गॅरेजमधून गाडी घेऊन येणार होती. संध्याकाळी खिडकीत होतो. सहा, साडेसहा, सात. काही नाही. काळजी वाटायला लागली. फोन कर म्हणून हिच्या मागे लागलो तेवढ्यात बेल. रेवती दारात.
गाडी खाली उभी होती. कधी आली मला कळलं नाही. काच हलली नाही, झाकण वाजलं नाही.
ही म्हणाली, "नितीनचं असंच होतं. बेल वाजेपर्यंत पत्ता नाही. तुम्ही ओरडायचात त्याला, चोरासारखा येतोस, हॉर्न द्यायला काय होतं म्हणून."
खरं आहे. ओरडायचो. मग तो मुद्दाम बेल दोनदा वाजवायचा. एकदा वाजवून थांबायचा, आत कुणी उठलं असेल एवढा वेळ, मग दुसरी. मी दाराशी पोचलो की दुसरी वाजायची. तोंडासमोर. आणि हसायचा.
हे विसरलो होतो. आवाज ठेवला आणि हे टाकून दिलं.

११ नोव्हें., मंगळ.
गोखल्यांनी स्कूटर हलवली. म्हणाले, "गाडी आली की काढतो म्हणालो होतो, पण येताना तुमची गाडी बोलतच नाही हल्ली." शहाणे आहेत.
रे.ला विचारलं, आत आल्यावर इंजिन चालू का ठेवायचीस. ती जरा थांबली. "तुम्ही खिडकीत असायचात. बंद केलं की लगेच आत वळायचात. म्हणून जरा ठेवायचे."
तिला काय माहीत होतं, काय नाही, मी विचारलं नाही.
संध्याकाळ लांबते. कशाची वाट बघायची ते माहीत नसलं की फार लांबते.

१३ नोव्हें., गुरू.
रेवती पहाटे साताऱ्याला निघाली. मी खाली गेलो. बोनेट उघडायला लावलं. काय बघणार, झाकणावर झाकण. तरी बघितलं. ती म्हणाली, "बाबा, खुणा बरोबर आहेत." मी म्हणालो, सावकाश जा, घाटात ओव्हरटेक करू नकोस.
गाडी फाटकातून गेली. मांजर गेल्यासारखी.
दुपारी फोन आला. पोचली. घाट एका दमात चढली म्हणे. ही देवापुढे साखर ठेवून आली. मला म्हणाली, "आता तरी दोन घास खा."
खाल्ले.

१४ नोव्हें., शुक्र.
घरात दोघंच. ऑपरेशन नीट झालं, रे. रविवारी येणार. पार्किंग रिकामं. गोखल्यांनी स्कूटर परत आणली नाही, विशेषच.
संध्याकाळी सवयीनं खिडकीशी गेलो. मग आत आलो.  हिनंही दूध गॅसवर ठेवलं होतं, आमच्या दोघांना लागतं त्यापेक्षा जास्त.
रफीकचा फोन. "काका, काही त्रास नाही ना गाडीचा?" मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, जुना पट्टा ठेवलाय, टाकवत नाही, तुम्हाला हवा का? सांगतो म्हणालो.

१५ नोव्हें., शनि.
पट्टा नको. रफीकला उद्या सांगेन. त्याच्याकडेच राहू दे.
आज दिवस बरा गेला. पेपर वाचला. सं. ही पोळ्या करतेय, मी टेबलाशी बसून लिहितोय. खिडकी बंदच ठेवली, थंडी आहे. खाली काही हालचाल नाही. मुलं खेळून घरी गेली. रेवतीला मघाशी फोन केला, ती आईजवळच आहे, मागे तिच्या आईचं बोलणंही ऐकू आलं.
बेल वाजली.
मी हिच्याकडे बघितलं. हिनं लाटणं ठेवलं. वॉचमन असेल. गोखले असतील. शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे कुणी येत नाही, पण येऊही शकतं.
ही म्हणाली, "गाडी आल्याचं ऐकलंत का?"
मी म्हणालो, नाही. काहीच नाही ऐकलं.
तिनं गॅस बारीक केला. आम्ही दोघंही उठलेलो नाही. आत कुणी उठलं असेल एवढा वेळ झालाय.